घासलेली चूल

खुब्याचं ऑपरेशन करून तीन आठवड्यांनी एल्सपेथ साउथलंडमधल्या आपल्या शेतावर परतली आणि बिडाची चूल बघून काठी टेकत तिथंच थबकली. चाळीस वर्षं तेल मुरवून काळीभोर केलेली चूल सुनेनं साबण आणि तारेचा ब्रश घेऊन राखाडी करून ठेवली होती.

“चूल आहे ही, मॉरिन, कमोड नव्हे. पेटव ती, आणि जवसाचं तेल आण.”

मॉरिन तेल चोपडायला लागली, तशी एल्सपेथ आणखी वैतागली. “पावाला लोणी लावतेयस का? चुकून लागल्यासारखं लाव, लगेच पुसून घे. धूर निघायचा थांबला की परत.”

तीन हात दिल्यावर चूल जेमतेम तपकिरी झाली.

“अजून किती, आई?”

“रोज एक हात. दोन वर्षांत येईल ताळ्यावर. पण घासायची अक्कल दिली कुणी तुला?”

मॉरिन चुलीकडेच बघत म्हणाली, “तुमच्या मुलानं. उद्या घराचे फोटो काढायला माणूस येतोय. विकायचं म्हणतात.”

एल्सपेथनं तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

“चौथा हात मी देते. त्याला सांग, चूल तयार व्हायला दोन वर्षं आहेत. तोवर फोटो निघणार नाहीत.”