पहिल्या पानावर शेवंती

“मालकिणीचा फोटो हवाच, काकी,” तन्वी म्हणाली. “नाव, गाव, तिच्याबद्दल दोन शब्द. नुसत्या मसाल्याच्या पुड्या बघून कोण विश्वास ठेवील?”

आनंदीबाईंनी मोबाईलमध्ये फोटो शोधला, पण पुढे करायला हात धजेना. त्यांची एकुलती एक लेक शेवंती त्यात चुलीपुढे मिरच्या भाजत हसत होती.

तन्वी सावंतवाडीहून यायची. मिठबावच्या बचत गटातल्या बायकांना ऑनलाइन दुकान चालवायला शिकवायची. लोक गूगलवर जे शब्द टाकतात ते आपल्या पानावर नीट मांडले, की दुकान वर दिसू लागतं. हे आनंदीबाईंनी सगळ्यांच्या आधी उचललं. बाकीच्या बायका ‘मालवणी मसाला’, ‘कोकम आगळ’ एवढ्यावर थांबल्या. आनंदीबाईंनी दुकानाला लेकीचं नाव दिलं.

“शेवंतीला चालेल ना?” तन्वीनं जपून विचारलं. तिच्या कानावर थोडंफार आलं होतं. आरोंद्याला दिलेली ही मुलगी नवऱ्याचा मार खाऊन खाऊन एक दिवस घरातून निघून गेली, असं लोक सांगत; ती आईकडेच लपली असावी, असं तन्वीनं धरलं होतं. नवरा प्रीतम पुढे घराला कुलूप लावून गोव्यात गेला होता.

“ती कायएक बोलाची नाय,” आनंदीबाई म्हणाल्या. “घाल.”

फोटोखाली त्यांनी स्वतः लिहिलं: ‘आरोंद्याची शेवंती आता मिठबावात मसाले करते.’

पान हळूहळू वर सरकलं. पुण्याच्या ऑर्डरी येऊ लागल्या. पण आनंदीबाई सुकत चालल्या. भरदुपारी दाराला कडी असायची. रस्त्यावर मोटरसायकल वाजली, की हातातली पुडी तशीच राहायची.

एक दिवस तन्वी स्क्रीनवर वाकली. लोकांनी काय शोधलं, ते तिथे दिसत होतं. मसाल्याच्या शब्दांखाली एक ओळ होती: ‘शेवंती आरोंदा कुठे आहे’. पुन्हा पुन्हा कुणीतरी तेच शोधत होतं. पान उघडणाऱ्यांत एक जण गोव्यातल्या म्हापशाचा होता.

“फोटो काढून टाकूया, काकी. आत्ताच.”

आनंदीबाईंनी पदर तोंडावर धरला.

“माका भय वाटता गो,” त्या म्हणाल्या. “पण लपान रवाचा तरी किती दिवस? पान आसा तसा रवांदे.”

त्याच आठवड्यात सकाळी अंगणात मोटरसायकल थांबली. प्रीतम दारात आला. दाढी वाढलेली, डोळे तांबडे.

“मामी, शेवंती खंय आसा?”

आनंदीबाईंनी चौकट घट्ट धरली. “देवगडाक गेली. सांजेक येतली. बसा, च्या टाकतंय.”

“कधी इली ती हय?”

“झाले बरेच दिवस.”

“तुमी... तुमी बघलात तिका?”

“माज्या पोटचा चेडू, मी बघूचंय नाय?”

त्यानं कोपऱ्यातल्या पुड्यांकडे बघितलं. त्यांवर छापलेल्या फोटोत शेवंती हसत होती. त्याच्या कपाळावर घाम डवरला.

“बोलतलात तिच्याकडे? फोन लावू?”

“नको!” तो ओरडला आणि चपला कशाबशा पायात सरकवून निघून गेला.

आनंदीबाईंनी कडी घातली. त्यांचा भाचा सत्यवान पोलिसात होता. त्यांनी त्याचा नंबर लावला.

“सत्यवाना, इल्लो तो. आताच भायर पडलो. निळी मोटरसायकल.”

“तू दार उघडू नको, मावशे. आमी आसंव त्याच्या मागावर.”

तन्वी आली तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. जेवण नाही, पाणी नाही. तिनं शेवंतीची चौकशी केली, तर मान हलवून त्यांनी तिला गप्प केलं. फोन मांडीवर होता.

दुपार कलताना तो वाजला.

“मावशे, तू सांगलंस तसाच झाला,” सत्यवान दबक्या आवाजात म्हणाला. “आरोंद्याक पोचलो तो. पण घराकडे गेलोच नाय. सरळ खाडीकाठच्या काजीच्या बागेत शिरलो. एका झाडाच्या बुंध्याक पिशासारखो खणता आसा.”

आनंदीबाईंनी डोळे मिटले.

“खणांदे त्याका,” त्या म्हणाल्या. “माजा चेडू गावला.”