शाळा ते माझे घर

"सूची आहे, दिशा आहे, प्रमाणही दिलंयस," भूगोलाचे सर नकाशा उजेडात धरून म्हणाले. "पण सुरुवात मागच्या फाटकापासून का? बाकी सगळे पुढच्या फाटकातून निघालेत."

"तिकडून जवळ पडतं, सर," नवी मुलगी म्हणाली. बोलून झालं तरी तिने सरांवरची नजर काढली नाही.

"बरं. या रविवारी तुझी पाळी. घरी सांगून ठेव."

"सांगितलंय."

"सर, हरवलात तर फोन करा!" मागच्या बाकावरून आवाज आला आणि सातवीचा वर्ग खिदळला.

हा सरांचा जुना नियम होता. मुलांनी शाळेपासून घरापर्यंतचा नकाशा काढायचा. नावं लिहायची नाहीत, नुसत्या खुणा. रविवारी सर तो कागद घेऊन निघणार आणि वाटेत कुणाला काही विचारणार नाहीत. घर सापडलं, तर पैकीच्या पैकी. एका पठ्ठ्याने उत्तर आणि दक्षिण उलटी दाखवली होती, तेव्हा सर थेट कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पोचले होते. ती गोष्ट शाळेत अजून चवीने सांगितली जाई.

मुलांना वाटे, सर भारीच हौशी. खरं तर रविवारी सरांना घर खायला उठायचं. नकाशा बरोबर निघाला की कुणाची तरी आई चहा करायची, कुणाचे तरी आजोबा "बसा हो, काय घाई आहे" म्हणायचे. त्या एका वाक्यावर सरांचा आठवडा निघायचा.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक लेक त्याच्याही आधी गेली होती, आपल्या पसंतीच्या मुलाचा हात धरून. "या घराची वाट विसर," असं सर तेव्हा रागाच्या भरात बोलून गेले. राग कधीच ओसरला, पण तोवर तिचा पत्ता हरवला होता. वर्गात जगाचा नकाशा भिंतीवर टांगताना त्यांना रोज वाटे, यात ती कुठे असेल. लेकही याच शाळेतली. सरांच्या सायकलवर मागे बसायची तिला लाज वाटायची. रोज कुठून तरी तिसरीकडूनच यायची, आणि त्यांच्या आधी घरी पोचून दात काढत उभी असायची. सरांनी ती वाट कधी विचारली नव्हती.

शनिवारी शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाच्या बाई हळूच म्हणाल्या, "सर, त्या नव्या मुलीचा नकाशा कसला तपासताय? तिला घरच नाहीये. मायलेकी स्टँडजवळच्या लॉजवर राहतात. वडील गेले म्हणे मागच्या वर्षी."

सरांनी पिशवीतून तो नकाशा पुन्हा काढला. एवढीशी पोर, आणि आपण तिला घराचा नकाशा काढायला लावला! चारचौघांत मान खाली जाऊ नये म्हणून तिने मनाने एखादं घर काढलं असणार. बाहेरून आवडलेलं, कुणाचं तरी. सरांनी ठरवून टाकलं. नकाशा जिथे नेईल तिथे जायचं, दारावरूनच परतायचं आणि सोमवारी पैकीच्या पैकी द्यायचे. वर्गाला काही कळू द्यायचं नाही.

रविवारी दुपारी ते निघाले. मागच्या फाटकाचं कुलूप काढताना शिपाईमामा कुरकुरले, "इकडून कुठे, सर? या वाटेला हल्ली कुणी फिरकत नाही."

फाटकापासून वाट ओढ्याकडे उतरत होती. नकाशातला छोटा पूल सापडला. पुढे पिठाच्या गिरणीची खूण होती, पण गिरणी काही दिसेना. सरांनी चष्मा पुसला, कागद फिरवून पाहिला. शेवटी स्वतःचाच नियम मोडून त्यांनी एका गॅरेजपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं.

"गिरणी?" म्हातारा हसला. "अहो, ती बंद पडून जमाना झाला. हे गॅरेज तिच्याच जागेवर उभं आहे. तुम्हाला कुणी सांगितलं?"

सर बुचकळ्यात पडले. मुलगी तर याच वर्षी गावात आलेली. शिंप्याच्या दुकानाचंही तेच. खूण होती तिथे पत्र्याचं बंद शटर होतं, आणि वर शिलाई मशीनचं पुसट चित्र. कुणा म्हाताऱ्या माणसाला विचारून काढला असेल, असं म्हणत ते शेवटच्या बोळात वळले.

बोळ अरुंद होता, सर या बाजूने कधी आले नव्हते. दोन्हीकडे घरांच्या मागच्या भिंती, पाण्याच्या टाक्या, वाढलेलं गवत. एका अनोळखी घराच्या दाराशी जाऊन परतायचं, या विचाराने त्यांना फार एकटं वाटलं. आज चहासुद्धा नाही. कागदावर आता एकच खूण उरली होती. चौकोनी घर आणि त्याच्या मागच्या दाराला एक पायरी.

त्यांनी मान वर केली. समोरच्या भिंतीवरून वाळत घातलेले कपडे दिसत होते. त्यातला पांढरा सदरा त्यांनी सकाळी स्वतःच्या हाताने पिळून टाकला होता.

पायरीवर नवी मुलगी बसली होती. तिच्या शेजारी बसलेली बाई पदर सावरत उठून उभी राहिली.

"वाट विसर म्हणाला होतात, बाबा," ती म्हणाली. "नाही जमलं."