बारावरची दुर्बीण

"भावोजी, दुर्बीण चारपटीवरच ठेवा. बारावर नुसता तुकडा दिसतो," रान उठवायला हाक्याला जाताना रायबाने बंदुकीवरच्या दुर्बिणीकडे बोट दाखवत बजावलं होतं. भिकोबांनी मान डोलावली. डोळा अधू झालाय, हे मेहुण्याला सांगितलं असतं तर रानडुकरं मारायची गावाची बंदूक दुसऱ्याच्या हाती गेली असती.

हाकाऱ्यांचा आरडाओरडा ओसरला. करवंदीची जाळी हलली. भिकोबांनी दुर्बिणीची कडी बारावर फिरवली. काचभर काळे, राठ केस दिसले. डुकराचीच पाठ. त्यांनी चाप ओढला.

डुक्कर ओरडलं नाही.

त्यांनी कडी चारावर आणली. सगळं पुसट दिसलं, पण सगळं दिसलं: जाळी, हाक्याची काठी, काळी घोंगडी आणि घोंगडीखालचे रायबाचे पाय.