पुढच्या सुईला
अतिदक्षता विभागातल्या म्हाताऱ्याच्या रक्तात आम्ल चढलं होतं. दर चार तासांनी सिस्टर मनगटाच्या धमनीतून रक्त काढायची आणि ते थांबावं म्हणून तिथं अंगठा दाबून पाच मिनिटं उभी राहायची. भेटायला येणारं कुणी नव्हतं. म्हाताऱ्याचा हात धरणारं माणूस म्हणजे ती एकटीच. तो धापा टाकत थापा मारायचा. "तरुणपणी वाघाशी पैज लावून पळालो होतो, पोरी." "मग जिंकलं कोण, बाबा?" "ते पुढच्या सुईला." आज सिस्टर रिपोर्ट घेऊन हसत आली. "आम्ल उतरलं, बाबा. आता सुई बंद." म्हाताऱ्यानं तरीही मनगट पुढं केलं. "नीट बघ, अजून आंबट असेल." "छे, गोड झालात तुम्ही," म्हणत ती शेजारच्या खाटेकडे गेली. म्हाताऱ्यानं घड्याळ बघितलं, आपल्याच मनगटावर अंगठा दाबला आणि वाघ कसा हरला ते छताला सांगू लागला.