चौदा तिकिटं

"मशीनमध्ये चौदा तिकिटं दिसतायत आणि गाडीत माणसं तीन. बाकीचे अकरा काय खिडकीतून उडून गेले?"

तपासनीसाचा आवाज मुद्दामच चढा होता. मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने मांडीवरची दुरुस्त करून आणलेली मोटर सावरली आणि मान खाली घातली. त्याची बायको खिडकीबाहेर बघू लागली. कंडक्टरबाईंनी गळ्यातली बॅग पोटाशी धरली. नोकरीत सव्वीस वर्षं काढलेली बाई, पण कालच कामावर लागल्यासारख्या उभ्या होत्या.

तपासनीसाला हा प्रकार नवा नव्हता. न केलेल्या प्रवासाचा भत्ता उकळणारे लोक शहरात ढिगाने असतात. त्यांना तिकिटं लागतात आणि ती पुरवणारे कंडक्टर असतात. असे दोघे त्याने घरी बसवले होते.

"कुणाला विकता?"

"विकत नाही, साहेब."

"मग काय, घरी नेऊन पुजता? बॅग द्या इकडे. आणि बसायचं नाही. इथं माझ्यासमोर उभ्या राहा."

बाईंनी बॅग काढून दिली. तपासनीसाने ती स्वतःच्या खांद्याला अडकवली. शेवटचा थांबा अजून चाळीस मिनिटांवर होता. बाई दांड्याला धरून उभ्या राहिल्या. तिसरी प्रवासी होती नर्स. पायाशी लशींचा डबा घेऊन बसलेली. तिला राहवलं नाही.

"साहेब, त्यांचे गुडघे दुखतात. बसू तरी द्या."

"तुम्ही मध्ये पडू नका. चोराची बाजू घ्यायची नसते."

ड्रायव्हरने आरशातून एकदा पाहिलं आणि गिअर बदलला. बाहेर कुलूप लावलेली घरं मागे पडत होती. एका शाळेच्या पटांगणात चारा वाळत घातला होता. तपासनीस वहीत अहवाल लिहीत राहिला. अक्षर त्याचं सुरेख होतं.

शेवटच्या थांब्यावर पत्र्याच्या शेडखाली अकरा माणसं उभी होती. सगळी म्हातारी. कुणाच्या हातात पिशवी नव्हती, कुणी गाडीत चढायची घाई करत नव्हतं. गाडी थांबली तशी ती दाराशी रांगेत आली. पुढच्या आजीने तपासनीसाच्या खांद्यावरची बॅग पाहिली आणि हात पुढे केला.

"नवे कंडक्टर का तुम्ही? द्या माझं तिकीट."

"कुठं जायचंय, आजी?"

"कुठंच नाही."

त्याला वाटलं, आजीला नीट ऐकू आलं नसेल. त्याने पुन्हा विचारलं.

"अहो, कुठंच नाही," आजी म्हणाल्या. "रोज बाराच्या खाली माणसं भरली तर गाडी बंद करणार, असा कागद आला होता ना तुमचा. गावात माणसं एकेचाळीस. त्यात साठीच्या आतली चार. रोज उठून जाणार कुठं आम्ही? म्हणून पाळ्या लावल्यात. ज्याची पाळी, त्यानं आदल्या दिवशी ताईंकडं पैसे द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी तिकीट घ्यायचं. गाडी गेली की या नर्सबाई यायच्या बंद होतील." मग त्या हसल्या. "आणि पोरं. तशी कुठं येतात म्हणा! पण गाडीच नाही, असं म्हणायची सोय तरी त्यांना नको."

तपासनीसाने बॅग खांद्यावरून काढली. ती देताना त्याला बाईंकडे बघवेना.

"सांगायचं होतं ना ताई मला."

"सांगितलं असतं, तर तुम्हाला ते लिहावं लागलं असतं," बाई म्हणाल्या. त्यांनी बॅग गळ्यात घातली, एका हाताने गुडघा दाबला आणि एकेकाला तिकीट द्यायला सुरुवात केली.

त्याने वहीतलं पान फाडलं. चोर हा शब्द मात्र फाडता येत नव्हता. तो सगळ्यांनी ऐकला होता. तपासनीस खाली उतरून शेडच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. तिकीट पदरात बांधत आजी त्याच्याजवळ आल्या.

"तोंड का उतरलंय रे बाळा? तुझं गावही असंच आडबाजूला आहे का?"

"हो."

"गाडी जाते ना तिथं?"

"जायची. बंद झाली."

"अरेरे. कुणी केली रे?"

त्याने फाडलेलं पान मुठीत चुरगाळलं. तीन वर्षांपूर्वी, तो कचेरीत असताना, त्या गाडीची फाइल त्याच्याच टेबलावर आली होती. सरासरी प्रवासी आठ. खाली त्याने आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'फेरी बंद करण्यास हरकत नाही', आणि सही करताना त्याला जरा सुटल्यासारखंच वाटलं होतं.

त्या आठांत एक त्याची आई होती.