पिकअपचं बूड

“सायलेन्सर गळतोय,” पिकअपच्या खालून लॉर्ना म्हणाली.

तिला मर्लचे फक्त बूट दिसत होते. मर्ल व्हावरा तिचा धाकटा दीर. तिचा नवरा रूडी वसंतात गेला आणि नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्यांमधलं व्हावरांचं रँच सगळंच्या सगळं मर्लकडे आलं. म्हाताऱ्या सासऱ्याच्या मृत्युपत्रात सुनेचं नावच नव्हतं. तेव्हापासून हे बूट तिच्या अंगणात, तबेल्यात, स्वयंपाकघरात न विचारता शिरत होते.

“गळू दे की,” मर्ल म्हणाला. “उद्या सकाळी निघायचंच आहे तुला. बहिणीच्या दारात जाऊन गळेल.”

“रस्त्यात अडकले तर तुलाच हाक मारावी लागेल. त्यापेक्षा आत्ताच बघते.”

मर्ल हसला. वाकून बघायचे कष्ट त्याने घेतले नाहीत. वाकला असता तर सायलेन्सर ठणठणीत आहे हे त्याला कळलं असतं. लॉर्ना मागच्या आसावर, भार झेलणारे कमानपाटे आणि चासीच्या मधल्या जागेत, जाड रबराच्या दोन हवेच्या पिशव्या बसवत होती. त्यांच्या नळ्या तिने नंबरप्लेटपर्यंत नेल्या होत्या, टायरसारखी हवा भरता यावी म्हणून. इंजिन दमदार होतं, ओढण्यात गाडी कुणाला हार जाणारी नव्हती. पण पाटे थकले होते. मागे भरलेला ट्रेलर जोडला की बूड खाली आणि नाक आभाळाकडे, अशी तिची अवस्था व्हायची.

“घोड्यांचं काय ठरलं?” तिने विचारलं.

“काय ठरायचंय? परवा कसायाचा ट्रक येतोय.”

रूझा आणि ब्लांका टेकडीमागच्या कुरणात चरत होत्या. थोराड, करड्या, अठरा वर्षांच्या दोन घोड्या. थंडीत डिझेल गोठून ट्रॅक्टर हटून बसला की याच दोघी गवताची घसरगाडी ओढत गुरांपर्यंत न्यायच्या. लॉर्नाने त्यांना शिंगरं असल्यापासून हाताने वाढवलं होतं. रूडीने त्यांच्या अंगाला रँचच्या छापाचं लोखंड कधी लागू दिलं नव्हतं. ‘या लॉर्नाच्या,’ असं तो चारचौघांत सांगायचा.

“त्या माझ्या आहेत, मर्ल. छाप बघ, आहे का कुठे?”

“छाप नसेल. पण गवत कुणाचं खाल्लं? फाटकाच्या आत जे चरतं ना, त्याचं काय करायचं ते मी ठरवणार.”

लॉर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पाना घट्ट धरला आणि नट आणखी अर्धा फेरा आवळला.

मर्लची पंचक्रोशीत एक ख्याती होती. गुरांच्या बाजारात तो कॉफीचा पेला घेऊन दाराशी उभा राहायचा. येणाऱ्या पिकअपचं बूड किती बसलंय ते बघून ट्रेलरमध्ये किती जनावरं आहेत ते सांगायचा. बाकीचे फटीतून डोकावायचे, मर्ल कधीच नाही. डोकावणं हा आपल्या डोळ्यांचा अपमान आहे, असं त्याचं म्हणणं होतं. आणि मेला चुकायचाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉर्ना निघाली, तेव्हा तो फाटकात उभाच होता. रूडीचा जुना घोड्यांचा ट्रेलर मागे जोडलेला होता. त्याच्या पत्र्याच्या खिडक्या बंद होत्या. मर्लची नजर सवयीने पिकअपच्या मागच्या चाकांवर गेली. गाडी समतल उभी होती. तो गालातल्या गालात हसला.

“एवढा मोठा ट्रेलर, आणि आत काय? दोन उशा अन् चार पातेली?”

“ट्रेलर माझ्या नवऱ्याचा आहे.”

“ने गं ने. मी कुठे नाही म्हणतोय?” त्याने स्वतःच्या हाताने फाटक उघडलं. “नीट शब्दांत विनवणी केली असतीस, तर एखादी घोडी ठेवलीही असती मी.”

“तुझ्यापुढे पदर पसरण्याइतकी मी लाचार नाही,” लॉर्ना म्हणाली आणि गाडी पुढे काढली.

फाटक ओलांडून ती सरकारी खडीच्या रस्त्यावर आली, आणि वीस पावलांवर थांबली. मर्ल फाटकाला साखळी गुंडाळत होता. लॉर्ना उतरली, मागे गेली, नंबरप्लेटजवळ उकिडवी बसली. तिने दोन टोपणं काढली आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक आत दाबलं.

फुस्स करून हवा सुटली. पिकअपचं बूड खाली आलं, बोटभर, चार बोटं, मग चांगलं वीतभर. त्याच्याबरोबर ट्रेलरचं नाकही झुकलं, आणि आत कुणीतरी जड पाय आपटून फुरफुरलं.

मर्लचा हात साखळीवरच राहिला.

“सगळी सोडत नाही,” लॉर्ना उठत म्हणाली. “पिशव्या फाटतील. तुला दिसावं इतकीच सोडली.” तिने टोपणं लावली, हात पँटला पुसले. “तुझं गवत फाटकाच्या आत राहिलं, मर्ल. मोज आता. किती आहेत?”

मर्लने तिला अडवायला हवं होतं, निदान एक शिवी तरी हासडायला हवी होती. पण जन्मभराची खोड. त्याची नजर चाकांवर गेली आणि तोंडातून आकडा निघूनही गेला.

“दोन.”