कमळावर शंख

रंजिता पायरीवर पालथी पडून भिंगातून बघत होती. बघायचं ते बघून झालं होतं. आता मान वर करायची हिंमत होत नव्हती.

"नाव सापडला का, मॅडम?" वरून कमळाकरशेटचा आवाज आला.

"बघतेय," ती म्हणाली आणि तशीच पडून राहिली.

पायरी कमळाकरशेटच्या पनवेलमधल्या नव्या बंगल्याची होती. काळा चकचकीत परदेशी दगड, जासईच्या गोदामात कंटेनरमधून उतरलेला. त्यात तळहाताएवढं पांढरं फूल होतं आणि फुलाच्या मधोमध एक लहानसा पीळदार शंख. कमळावर शंख, आणि मालकाचं नाव कमळाकर. शेटला आणखी पुराव्याची गरज वाटली नाही. त्याने पायरीभोवती स्टीलचा कठडा केला, वर घंटा टांगली. वास्तुशांतीच्या आठशे पत्रिकांवर पायरीचा फोटो छापला. पितळी पाटीही करायला टाकली होती. तिच्यावर 'शास्त्रीय नाव' या शब्दांपुढची जागा तेवढी मोकळी होती. ती भरण्यासाठी रंजिताला बोलावलं होतं.

रंजिता तळोज्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करायची आणि सुटीच्या दिवशी जीवाश्मांचे दगड गोळा करायची. तिच्यासारख्या चाळीस जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता आणि सगळे तिला टरकून असायचे. चुकीचं नाव तिला सहन होत नसे. एकाने बायकोच्या वाढदिवसाच्या केकवर क्रीमचा शंख काढून घेतला होता. रंजिताने शुभेच्छांच्या आधी शंखाची जात दुरुस्त केली होती.

सोबत ग्रुपमधला मितेश आला होता. तो दातांचा डॉक्टर, त्यामुळे त्याच्याकडे बारीक फटीत बघायचा आरसा असायचा. त्यानेच सकाळी ग्रुपवर फोटो टाकले होते. उत्तरं येत होती. एक म्हणाला स्टारफिश, दुसरा म्हणाला नेचा. नाशिकच्या एका काकांनी 'शेवंती' लिहून हात जोडले होते. मग नागपूरच्या धनेशचा लांबलचक संदेश आला आणि मितेशने उत्साहाच्या भरात तो मोठ्याने वाचायला घेतला.

"'कमळ नव्हे. ही समुद्री लिली. दिसते फुलासारखी, पण आहे प्राणी. पस्तीस कोटी वर्षांपूर्वीचा. आणि तो शंख...'"

मितेश थांबला. त्याने फोन रंजितापुढे धरला. तिने पडल्यापडल्याच पुढचं वाचलं.

'तो शंख म्हणजे एक गोगलगाय. ती लिलीच्या गुदद्वारावर बसायची आणि तिथून जे बाहेर येईल ते खायची. जन्मभर. अशी जोडी जागच्या जागी सापडणं फार दुर्मीळ. मालकाचं अभिनंदन करा.'

भिंगातून रंजितालाही नेमकं हेच दिसलं होतं.

"पुढं काय लिवलंय?" शेटने विचारलं.

"तुमचं अभिनंदन केलंय," मितेश म्हणाला. हे खरंच होतं.

शेटच्या पत्नी चंद्रावतीबाई कोकमाचं सरबत घेऊन आल्या. ग्लास देता देता सहज म्हणाल्या, "बाय, काय असंल ता चांगलाच सांग. गावात आमचा दार दिवसभर उघडा असायचा. इकडं सा महिने बेल वाजली ती कुरियरवाल्यानंच वाजवली. या फुलापायी मानसं येतान."

कमळाकरशेट घंटेशी उगाच चाळा करत उभा होता. एवढा आडवातिडवा माणूस, पण निकालाच्या दिवशीच्या पोरासारखा दिसत होता.

रंजिता उठून बसली. आयुष्यात पहिल्यांदाच ती शब्द जपून वापरणार होती.

"हे फूल नाही, शेट. प्राणी आहे. समुद्री लिली म्हणतात. आणि एक नाही, दोन जीव आहेत. एक जागचा हलत नव्हता आणि दुसऱ्याने त्याला जन्मभर सोडलं नाही."

"जन्मभर," शेट हळूच म्हणाला.

"मंग ता दुसरा खायचा काय?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

मितेश आपल्या छोट्या आरशात स्वतःचेच दात बघू लागला.

"पहिला जे देईल ते," रंजिता म्हणाली.

शेटचे डोळे भरून आले. "परसाद," तो म्हणाला. त्याने पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि तडक आत जाऊन पाटीवाल्याला फोन केला. "लिवून घे. समुद्री लिली, खाली लिव, आनि तिचा भक्त. भक्तातला भ भटजीचा!"

चंद्रावतीबाई चहा टाकायला गेल्या. तेवढ्यात फाटक वाजलं. उरणकडच्या मासे विकणाऱ्या चार बायका रोजच्यासारख्या पायरीच्या दर्शनाला आल्या. त्यांच्यातली थोरली शांतीमावशी पुढे होती. चौघींनी टोपल्या उतरवल्या, पदर तोंडाशी घेतला आणि पायरीवर कपाळं टेकली. त्यांचे खांदे गदगदत होते. बराच वेळ कोणी वर आलंच नाही.

रंजिताला आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शांतीमावशीने उठून डोळे पुसले आणि तिच्याजवळ सरकली. "बाय, दगडाची डाक्तरीन तूच ना? काय सांगितलंस शेटला?"

"भक्त आहे म्हणून."

"बरा केलास. गोगलगाय बसलीय कुठं, ता नाय ना सांगितलास?"

रंजिताच्या हातातलं भिंग पडलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"जलम जेला म्हावरा साफ करन्यात. तोंड कुठं नि ढुंगन कुठं, येवरा पन नाय कलनार?"

"मग रोज येऊन पाया कशाला पडता?"

शांतीमावशीने आत नजर टाकली. शेट अजून फोनवर भ समजावून सांगत होता.

"पाया कोन पडतंय, बाय? त्याच्या तोंडावर हसवत नाय, म्हनून वाकताव."